मनोधैर्य किती टनांनी मोडतं?

१९४२ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हल शहरातल्या शाळकरी मुलांना एक निबंध लिहायला दिला होता. विषय साधा होता: हवाई हल्ल्यांत माझ्यावर काय प्रसंग आला आणि मी काय केलं.

हल हे पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. जर्मन विमानांना समुद्रावरून येताना सहज सापडणारं. मे १९४१ मधल्या हल्ल्यांत शहराच्या मध्यभागाची धूळधाण झाली होती. युद्ध संपेपर्यंत तिथल्या सुमारे ९२ हजार घरांपैकी काहीच नुकसान न झालेली घरं सहा हजारसुद्धा उरली नाहीत. सेन्सॉरमुळे बातम्यांत बहुतेक वेळा हलचं नावही येत नसे. 'ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर' एवढंच छापून येई.

मुलांचे हे निबंध मार्कांसाठी नव्हते. सरकारने हल आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांची एक पाहणी हाती घेतली होती, त्यातला तो एक भाग होता. किती टन बॉम्ब पडले, किती घरं गेली, किती माणसं दगावली, कारखान्यांत किती काम बुडालं आणि या सगळ्याचा माणसांच्या मनावर काय परिणाम झाला, हे शोधायचं होतं. थोडक्यात प्रश्न असा: वरून बॉम्ब पडत राहिले तर माणसं मोडतात का?

हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नव्हता. त्याच्या उत्तरावर लाखो माणसांचं जगणं-मरणं ठरणार होतं. उत्तर मिळालंही. पण ज्यांनी ते मागवलं होतं त्यांनी ते उलटं वाचलं. दिवसभर आकड्यांशी खेळून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट जरा जास्तच लागते, म्हणून ती इथे सांगावीशी वाटली.

वीसास एक

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धानंतर. त्या युद्धात खंदकांमध्ये लाखो सैनिक मेले आणि आघाडी मात्र वर्षानुवर्षं जागच्या जागी राहिली. हे पुन्हा व्हायला नको, असं सगळ्यांनाच वाटत होतं. जुलिओ दुहे या इटालियन जनरलने १९२१ मध्ये हवाई प्रभुत्वावर एक पुस्तक लिहून त्यावर उपाय सुचवला. सैन्याशी लढत बसू नका, विमानं सरळ शत्रूच्या शहरांवर न्या. लोकांचे हाल असह्य झाले की लोकच आपल्या सरकारला युद्ध थांबवायला लावतील. यात एक चमत्कारिक दयाबुद्धीही होती. युद्ध झटपट संपेल, म्हणजे एकूण माणसं कमीच मरतील, असा त्यांचा हिशोब होता.

ब्रिटनमध्ये हाच विचार ह्यू ट्रेंचर्ड मांडत होते. ब्रिटिश हवाई दलाची जडणघडण करणारा हा माणूस. १९१९ च्या आपल्या अहवालात त्यांनी लिहून ठेवलं की, बॉम्बफेकीचा मनावर होणारा परिणाम आणि मालमत्तेवर होणारा परिणाम यांचं प्रमाण वीसास एक असतं.

हा वीस कुठून आला? एकोणीस का नाही, पंचवीस का नाही? कुणी मोजलं होतं? तर कुणीच नाही. तो अनुभवी माणसाचा अंदाज होता. पण अंदाजाला आकडा चिकटला की तो मोजमापासारखा दिसू लागतो. पुढची वीस वर्षं या समजुतीवर धोरणं आखली गेली. १९३२ मध्ये ब्रिटिश नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की, काहीही केलं तरी बॉम्बर विमान आत घुसणारच. युद्ध जवळ आलं तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी इशारा दिला की, हल्ले सुरू झाल्यावर लाखो लोकांचा मानसिक तोल जाईल. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत ब्रिटिश सरकारने सुमारे १५ लाख लोकांना, त्यातही मुख्यतः शाळकरी मुलांना, शहरांतून गावांकडे हलवलं.

लंडनमध्ये प्रत्यक्षात काय झालं

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर लागोपाठ ५७ रात्री बॉम्ब पडले. मे १९४१ पर्यंत ब्रिटनभर चाललेल्या या हल्ल्यांत ४० हजारांहून जास्त नागरिक मेले.

माणसं घाबरली का? अर्थातच घाबरली. हसतमुखाने ढिगाऱ्यात चहा पिणारा लंडनकर हे चित्र पुष्कळसं प्रचारखात्याने रंगवलेलं आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहरात ५०० हून अधिक माणसं मेली. दुसऱ्या दिवशी तिथे गेलेल्या निरीक्षकांनी रडणाऱ्या, थरथरणाऱ्या, सुन्न होऊन बसलेल्या माणसांची नोंद केली आहे. हल आणि प्लिमथसारख्या शहरांत संध्याकाळ झाली की हजारो लोक अंथरूण-पांघरूण घेऊन शहराबाहेर पडत आणि शेतांत, गोठ्यांत, जागा मिळेल तिथे झोपत. अधिकाऱ्यांना वाटलं, लोकांनी हातपाय गाळले. पण तेच लोक सकाळी परत येऊन कामावर हजर होत होते.

लंडनच्या भुयारी रेल्वेचंही तसंच. स्टेशनांचा आसरा म्हणून वापर करू द्यायला सरकार सुरुवातीला तयार नव्हतं. लोक एकदा खाली गेले की वर यायचेच नाहीत, अशी भीती होती. लोकांनी तिकिटं काढली, खाली उतरले आणि फलाटांवर पथाऱ्या पसरल्या. पहाट झाली की वर येऊन आपापल्या वाटेला लागले. मनोरुग्णांसाठी जी तयारी केली होती, तिथे अपेक्षेसारखी गर्दी झालीच नाही. सरकारविरुद्ध उठावही झाला नाही.

म्हणजे १९४१ च्या मध्यापर्यंत ब्रिटनकडे उत्तर होतं, आणि ते स्वतःच्या माणसांवरून मिळालेलं होतं. आता प्रश्न उरला तो असा: हेच उत्तर जर्मन माणसांनाही लागू आहे, असं मानायचं का?

अचूकता जमेना, म्हणून लक्ष्य मोठं केलं

त्याच सुमाराला ब्रिटिश हवाई दलाची एक अडचण उघड झाली. वैमानिक परत येऊन सांगत की, ठरलेल्या कारखान्यावर बॉम्ब टाकले. पंतप्रधान चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार फ्रेडरिक लिंडेमन यांनी हे तपासून पाहायला सांगितलं. सचिवालयातले डी. एम. बट यांनी बॉम्बफेकीच्या वेळी विमानांतून काढलेले ६०० हून अधिक फोटो तपासले. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांचा अहवाल आला. लक्ष्यावर हल्ला केल्याचं ज्यांनी कळवलं होतं, त्यांतलं तीनपैकी एकच विमान लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. धुराने आणि धुक्याने भरलेल्या रूहर या औद्योगिक पट्ट्यात तर दहापैकी एक.

पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. वडोद्यातल्या वाचकांनी मांडवीपासून चहूबाजूंनी आठ किलोमीटर मोजून पाहावं. अख्खं जुनं शहर त्यात येतं, शिवाय बरंच काही.

यातून दोन वाटा निघत होत्या. एक, अचूकता सुधारेपर्यंत ही विमानं दुसऱ्या कामाला लावणं, उदाहरणार्थ अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा माग काढायला. दुसरी, चुकूनही चुकणार नाही एवढं मोठं लक्ष्य निवडणं. एवढं मोठं लक्ष्य एकच होतं: शहर. १४ फेब्रुवारी १९४२ रोजी बॉम्बर कमांडला नवा आदेश गेला. हल्ल्यांचा मुख्य रोख आता शत्रूच्या नागरिकांच्या, विशेषतः औद्योगिक कामगारांच्या, मनोधैर्यावर असेल. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख चार्ल्स पोर्टल यांनी खुलासा केला की, नेम गोद्यांवर किंवा विमान कारखान्यांवर नव्हे, तर वस्तीवर धरायचा आहे. आठवड्याभरात आर्थर हॅरिस यांनी बॉम्बर कमांडची सूत्रं हाती घेतली.

एक छोटं टिपण

आदेश निघाला, पण विमानं कुणाला द्यायची यावर सरकारात भांडण चालूच होतं. नौदलाला ती हवी होती, भूदलालाही हवी होती. ३० मार्च १९४२ रोजी लिंडेमन यांनी, जे तोवर लॉर्ड चर्वेल झाले होते, चर्चिलना एक छोटं टिपण पाठवलं. त्यातला हिशोब मी इथे पायरीपायरीने मांडतो, कारण तो दिसायला फार सुबक आहे.

एक बॉम्बर विमान कारखान्यातून बाहेर पडल्यापासून नष्ट होईपर्यंत सरासरी १४ मोहिमा करतं. दर मोहिमेला ३ टन बॉम्ब धरले, तर विमानाच्या आयुष्यात साधारण ४० टन होतात. दाट वस्तीवर पडलेला एक टन १०० ते २०० माणसांना बेघर करतो. म्हणजे एक विमान चार ते आठ हजार माणसांना रस्त्यावर आणतं. पुढच्या सव्वा वर्षात १० हजार विमानं तयार होतील. त्यांच्या एकूण बॉम्बांपैकी निम्मेच वस्तीवर पडले असं धरलं, तरी गुणाकार दोन ते चार कोटी माणसांवर जातो. आणि जर्मनीतल्या एक लाखाहून जास्त वस्तीच्या ५८ शहरांत राहतात सुमारे २ कोटी २० लाख लोक. म्हणजे देशातली एक तृतीयांश लोकसंख्या बेघर.

टिपणाचा शेवट असा: घर जाणं माणसाला सगळ्यांत जास्त झोंबतं, नातेवाइकांच्या मृत्यूपेक्षाही, असं पाहणीवरून दिसतं. हलमध्ये फक्त एक दशांश घरं पडली तरी लोकांवरचा ताण दिसत होता. जर्मनीत आपण त्याच्या दहापट नुकसान करू शकतो. तेव्हा जर्मन जनतेची हिंमत खचेल याबद्दल फारशी शंका नाही.

हेन्री टिझर्ड आणि पॅट्रिक ब्लॅकेट या दोन शास्त्रज्ञांनी यावर आक्षेप घेतले. इतकी विमानं वेळेत तयार होणार नाहीत, झाली तरी एवढे बॉम्ब वस्तीवर नेमके पडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सी. पी. स्नो यांनी १९६० मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हा वाद सविस्तर सांगितला आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टिझर्ड यांनी चर्वेल यांचा अंदाज पाचपट फुगलेला ठरवला, ब्लॅकेट यांनी सहापट, आणि युद्धानंतर मोजलं तेव्हा तो दहापट फुगलेला निघाला. या ब्लॅकेट यांना पुढे १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी संरक्षणाच्या वैज्ञानिक बाजूबद्दल त्यांचाच सल्ला घेतला होता.

वाद झाला तो मुख्यतः आकड्यांचा. किती विमानं, किती टन, किती घरं. पण त्या हिशोबातली सगळ्यांत कच्ची पायरी शेवटची होती. घर पडलं म्हणजे हिंमत खचली, आणि हिंमत खचली म्हणजे युद्ध थांबलं. तिथे गुणाकार नव्हता, फक्त विश्वास होता.

पाहणीने काय सांगितलं होतं

आता हलकडे वळू. ही पाहणी सॉली झुकरमन आणि जे. डी. बर्नाल या दोन शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली झाली होती. ती व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत चर्वेल स्वतः होते. अंतिम अहवाल तयार झाला ८ एप्रिल १९४२ रोजी, म्हणजे टिपण चर्चिलकडे गेल्यानंतर नऊ दिवसांनी. त्यात स्पष्ट नोंदवलं होतं की, दोन्ही शहरांत घबराट माजल्याचा काही पुरावा नाही, ना एका मोठ्या हल्ल्यामुळे, ना लागोपाठच्या हल्ल्यांमुळे. लोकांना ताण होता, भीती होती. पण उत्पादन घटलं ते मुख्यतः कारखान्यांचं प्रत्यक्ष नुकसान झाल्यामुळे, कामगारांची हिंमत खचल्यामुळे नव्हे.

आपल्याच पाहणीचा उलटा अर्थ लावून ती वापरली गेली, याची खंत झुकरमन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

चर्वेल खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. 'ताण दिसत होता' हे वाक्य खरंच होतं. फक्त 'ताण आहे' आणि 'लोक मोडले' या दोन गोष्टींमधलं अंतर त्यांनी एका उडीत पार केलं. आमच्या कामातही हे रोज दिसतं. निर्णय आधी झालेला असतो, मग त्याला साजेसा रिपोर्ट शोधला जातो. फरक एवढाच की आमच्याकडे फार तर एखादं ॲप बंद पडतं.

हॅम्बुर्ग

जुलै १९४३ च्या शेवटच्या आठवड्यात हॅम्बुर्गवर ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी लागोपाठ हल्ले केले. २७ जुलैच्या रात्री हवा कोरडी आणि गरम होती. वेगवेगळ्या ठिकाणी लागलेल्या आगी एकत्र झाल्या आणि वाऱ्याचं रूपांतर अग्निवादळात झालं. तळघरांत लपलेली असंख्य माणसं आगीने नव्हे, तर विषारी वायूने गुदमरून मेली. त्या आठवड्याभरात हॅम्बुर्गमध्ये ३५ हजारांहून जास्त माणसं मेली आणि नऊ-दहा लाख लोक शहर सोडून गेले.

हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट स्पेअर हादरला. अशी आणखी सहा शहरं गेली तर शस्त्रनिर्मिती थांबेल, असं त्याने हिटलरला सांगितलं. म्हणजे ही कल्पना अगदीच हवेत नव्हती. पण पुढे काय झालं? काही महिन्यांत हॅम्बुर्गचे कारखाने बऱ्याच प्रमाणात पुन्हा सुरू झाले. जर्मनीचं शस्त्र उत्पादन वाढतच गेलं आणि १९४४ च्या मध्याला सर्वोच्च पातळीवर पोचलं. १९४२ च्या सुरुवातीच्या तिप्पट. राजवटीविरुद्ध जनतेचा उठाव शेवटपर्यंत झाला नाही.

असं का झालं, याचं उत्तर त्या दिवसांच्या व्यवहारात आहे. घर जळालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी काय लागतं? गरम काहीतरी खायला, एक पांघरूण, एक छप्पर, रेशनचं नवं कार्ड. हे सगळं देणारं एकच दार होतं: सरकारचं, नाझी पक्षाच्या मदत संस्थेचं. वाटलेल्या कपड्यांत आणि फर्निचरमध्ये हद्दपार केलेल्या ज्यूंच्या घरांतून लुटलेलं सामानही होतं. बॉम्बमुळे लोक राजवटीपासून दूर जाण्याऐवजी तिच्यावर जास्त अवलंबून झाले. आणि कुणी उघडपणे कुरकुर केलीच, तर गेस्टापो होतंच. युद्ध हरलं असं म्हणण्याबद्दलही फाशी होऊ शकत होती.

सहमत, असहमत आणि लिकर्ट

आपण सगळ्यांनी कधी ना कधी असा फॉर्म भरलेला असतो: पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णपणे असहमत. कंपनीच्या सर्व्हेत, कॉलेजच्या फीडबॅकमध्ये, हॉटेलच्या टेबलावर. ही पट्टी १९३२ मध्ये ज्यांनी मांडली, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट. युद्ध संपतासंपता अमेरिकेने बॉम्बफेकीच्या परिणामांची एक प्रचंड पाहणी सुरू केली. तिच्यातल्या मनोधैर्य विभागाचे प्रमुख हेच लिकर्ट होते. अर्थकारणाची बाजू जॉन केनेथ गॅलब्रेथ यांच्याकडे होती, जे १९६१ मध्ये भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आले.

१९४५ च्या उन्हाळ्यात लिकर्ट यांच्या माणसांनी जर्मनीत साडेतीन हजारांहून जास्त सामान्य नागरिकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना जे सापडलं ते दोन्ही बाजूंच्या समजुतींना धक्का देणारं होतं.

पहिलं म्हणजे, बॉम्बफेकीने मनोधैर्य खरोखरच खचलं होतं. लोक निराश झाले होते, जिंकण्याची आशा सोडून बसले होते. 'माणसं खचत नाहीत' हे खरं नव्हतं. दुसरं, बॉम्ब जसजसे वाढले तसतसा हा परिणाम वाढला नाही. मध्यम मार खाल्लेल्या शहरांच्या तुलनेत प्रचंड मार खाल्लेल्या शहरांतल्या लोकांचं मनोधैर्य त्या प्रमाणात आणखी घसरलेलं नव्हतं. एका मर्यादेनंतरचे बॉम्ब माणसं मारत होते, मनावर नवं काही करत नव्हते. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: निराश कामगार हा काम सोडणारा कामगार नसतो. माणूस आतून पूर्ण हरलेला असतो आणि सकाळी सातच्या पाळीला यंत्रावर उभाही असतो. कारण पोटाला लागतं, शेजारी उभा आहे, पोलीस आहेत, आणि घरी बसून तरी काय करणार?

ट्रेंचर्डपासून चर्वेलपर्यंत सगळ्यांनी 'मनोधैर्य' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला होता. मनात काय वाटतं, आणि माणूस काय करतो. पहिली गोष्ट बॉम्बने बदलते. दुसरी तेवढ्याने बदलत नाही. सगळी गफलत या एका शब्दात होती, आणि तिच्यापायी झालेला हिशोब भयंकर आहे. अमेरिकन पाहणीच्या अंदाजाप्रमाणे जर्मनीत तीन लाखांहून जास्त नागरिक मेले. नंतरच्या काही अभ्यासकांनी हा आकडा आणखी वर नेला. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण परत आले नाहीत. बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

बॉम्बफेक पूर्णपणे फुकट गेली, असं म्हणणंही चूक ठरेल. जर्मनीला हजारो तोफा आणि लढाऊ विमानं रशियन आघाडीवरून काढून स्वतःच्या शहरांभोवती ठेवावी लागली. १९४३ मध्ये रूहरवर झालेल्या हल्ल्यांनी जर्मन शस्त्रनिर्मितीची घोडदौड काही महिने रोखली, असं अर्थइतिहासकार ॲडम टूझ यांनी दाखवलं आहे. मे १९४४ पासून अमेरिकन विमानांनी इंधन कारखाने लक्ष्य केले, तेव्हा विमानाच्या पेट्रोलचं उत्पादन एप्रिलमधल्या १ लाख ७५ हजार टनांवरून सप्टेंबरमध्ये ५ हजार टनांवर आलं. जर्मन विमानं असूनही उडेनात. म्हणजे बॉम्बचा निर्णायक परिणाम झाला तो पेट्रोलवर, रेल्वेवर, यंत्रांवर. ज्या मनासाठी हे सगळं आखलं होतं, त्याच्यामुळे नव्हे.

इटलीचं उदाहरण कुणी देईल. १९ जुलै १९४३ रोजी रोमवर बॉम्ब पडले आणि सहाच दिवसांत मुसोलिनी गेला. पण त्याआधी दोस्तांचं सैन्य सिसिलीत उतरलं होतं, आणि मुसोलिनीला हटवलं ते त्याच्याच सहकाऱ्यांनी आणि राजाने. जपानचं उदाहरण तर नेहमीच दिलं जातं. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर शरणागती आली, पण त्याच आठवड्यात सोव्हिएत रशियाही जपानविरुद्ध युद्धात उतरला होता. यातलं निर्णायक काय, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. एक मात्र खरं की दोन्हीकडे निर्णय घेतला तो वरच्या मूठभर माणसांनी. रस्त्यावरच्या लोकांनी सरकार उलथलं, हे दुहेंचं भाकीत तिथेही खरं ठरलं नाही.

ब्रिटनमध्येही सगळे गप्प नव्हते. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभं राहून विचारलं की, अख्खी शहरं नष्ट करणं कोणत्या न्यायात बसतं? ऐन युद्धात असं विचारणं सोपं नव्हतं. लोक त्यांच्यावर चिडले. १९७७ मध्ये जिनिव्हा कराराला जोडलेल्या मसुद्यात, नागरिकांत दहशत पसरवणं हाच मुख्य हेतू असलेल्या हल्ल्यांना स्पष्ट मनाई आली. बेल तोवर हयात नव्हते.

दूरवरून येणारा आवाज

या सगळ्या वाचनात मला सगळ्यांत जास्त विचारात पाडणारी गोष्ट एका जनमत चाचणीतली आहे. १९४१ मध्ये ब्रिटिश लोकांना विचारलं गेलं: जर्मन नागरिकांवर सूड म्हणून बॉम्ब टाकावेत का? इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ग्रामीण जिल्ह्यांत, जिथे बॉम्ब जवळजवळ पडलेच नव्हते, ७६ टक्के लोक 'हो' म्हणाले. मध्य लंडनमध्ये, जिथे लोकांनी महिनोन्‌महिने रात्री भुयारांत काढल्या होत्या, 'हो' म्हणणारे ४५ टक्के आणि 'नाही' म्हणणारे ४७ टक्के निघाले. ज्यांनी भोगलं होतं, ते सूडाला कमी तयार होते.

मे २०२५ मध्ये आपल्याकडे देशभर मॉक ड्रिल झाल्या, काही शहरांत दिवे घालवले गेले. त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर फिरणारे मेसेज आठवून पाहा. 'एकदाच असं हाणा की पुन्हा डोकं वर काढणार नाहीत' हे वाक्य सगळ्यांत जोरात कोण लिहीत होतं? सीमेजवळच्या गावांतले लोक, की सीमेपासून हजार किलोमीटरवर एसीत बसलेले आपण? देशाचं संरक्षण करावं की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न त्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आहे. इतकं हाणलं की ते डोकं वर काढणार नाहीत, हे आपल्याला कसं ठाऊक? आपल्यावर हल्ला झाला तर आपण डोकं खाली घालू का?

आपल्याबद्दलचं उत्तर आपल्या गुजरातमध्येच आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी विमानांनी भूजच्या विमानतळाची धावपट्टी फोडली. तळाचे प्रमुख होते नागपुरात जन्मलेले स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. जवळच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका कामाला आल्या. सायरन वाजला की झुडपांत लपायचं, विमानं गेली की पुन्हा पाट्या उचलायच्या. तीन दिवसांत धावपट्टी तयार झाली. त्या बायका घाबरल्या नसतील का? नक्कीच घाबरल्या असतील. पण भीती वाटणं वेगळं आणि काम थांबणं वेगळं. आपल्या माणसांबद्दल हे आपल्याला चटकन पटतं. समोरच्या बाजूलाही माणसंच आहेत, एवढं मात्र विसरायला होतं. चर्वेल यांच्या टिपणात नेमकं तेच विसरलं गेलं.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत १९६५ आणि १९७१ चे ब्लॅकआउट पाहिलेले आजी-आजोबा आहेत. खिडक्यांना लावलेले काळे कागद, सायरन, अंधारात उरकलेली जेवणं त्यांना लख्ख आठवतात. हलच्या मुलांना विचारला तोच प्रश्न त्यांना विचारून पाहा: तुमच्यावर काय प्रसंग आला, आणि तुम्ही काय केलंत? दोन्ही भाग विचारा, आणि दुसऱ्या भागाचं उत्तर नीट लिहून घ्या.